जुनी शर्यतीची सायकल आणि तिचे टायर



आजच्या माझ्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना गंमत वाटली असेल. सायकल ही घरोघरींची वस्तु. टायर झिजला कीं दुकानदार नवा बसवून देतो आणि पैसे मोजले कीं प्रकरण संपतें. यांत भाषण करण्यासारखें काय आहे? मलाही गेल्या वर्षापर्यंत असेंच वाटत असे. शाळेंत जाण्यायेण्यासाठीं तीस वर्षें मीं एक काळी, जाड नळ्यांची सायकल वापरली. तिचे टायर किती वेळां बदलले याची मोजदाद नाहीं. पण टायर या वस्तूचा विचार असा एकदांही केला नाहीं. तो करण्याची पाळी सेवानिवृत्तीनंतर आली, आणि तीही रस्त्याच्या कडेला पडल्यामुळें.

झालें तें असें. माझ्या धाकट्या चिरंजीवानें पुण्यास असतांना एक जुनी शर्यतीची सायकल विकत घेतली होती. मूळ मालकाची हौस फिटलेली, सायकलीचें वय पंधरा-सोळा वर्षांचें, पण सांगाडा कार्बनचा. एका हातानें उचलावी इतकी हलकी. पुढें चिरंजीवाला नोकरीसाठीं दूर जावें लागलें. “बाबा, डॉक्टरांनीं तुम्हांला व्यायाम सांगितलाच आहे, ही तुम्हीच चालवा,” असें म्हणून त्यानें ती वाशीमला पाठवून दिली. मीं टायरांत भरपूर हवा भरली आणि एका रम्य सकाळीं मालेगांवच्या रस्त्याला लागलों. सात-आठ किलोमीटर गेलों असेन, तोंच पुढचा टायर बंदुकीसारखा आवाज करून फुटला. हँडल हातांत राहिलें नाहीं. खांदा आणि कोपर सोलवटलें. हाड शाबूत राहिलें हें नशीब. साठी उलटलेल्या माणसाचें खुब्याचें हाड मोडलें म्हणजे काय होतें, हें आपणां सर्वांच्या घरीं कोणी ना कोणी पाहिलेलेंच आहे.

घरीं आल्यावर मंडळींनीं सायकल विकून टाकण्याचा ठराव मांडला. मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यांत जें वाचलें, मोजलें आणि चुकतमाकत शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम सांगाड्याविषयीं थोडें. कार्बनचे केंसाहूनही बारीक तंतु थरावर थर मांडून ते एका चिकट राळेंत भिजवितात आणि सांच्यांत घालून उष्णतेनें व दाबानें पक्के करतात. तोच हा सांगाडा. १९८६ सालीं अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यानें टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत कार्बनच्या सायकलीवर जिंकली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत हा पदार्थ हौशी मंडळींच्या आटोक्यांत आला. आपल्या महाराष्ट्रांतही ही हौस कांहीं थोडीथोडकी नाहीं. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड आडवा ओलांडण्याची शर्यत दोघांत मिळून पुरी केली. २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच एकट्यानें पुरी केली. दोनशें किलोमीटरांचें अंतर साडेतेरा तासांच्या आंत काटण्याच्या ‘ब्रेव्हे’ नांवाच्या सहली आतां आपल्या अनेक शहरांतून निघतात. अशा हौशी मंडळींनीं नवी सायकल घेतली कीं जुनी विक्रीस निघते, आणि ती माझ्यासारख्याच्या हातीं पडते.

कार्बन हलका आहे आणि बळकटही आहे. परंतु त्याचा एक स्वभाव ध्यानांत ठेवला पाहिजे. लोखंडी नळी वांकते आणि वांकून आपल्याला सूचना देते. कार्बन सूचना देत नाहीं. टायरला चिकटलेला वाळूचा खडा सांगाड्याला घासत राहिला, तर लोखंडाचा नुसता रंग जाईल; कार्बनचे मात्र तंतूच कापले जातील. म्हणून जुनी कार्बनची सायकल घेतांना मागचें चाक काढून, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या आंतून विजेरीनें पाहाव्यात. तेथें खरवडल्याची पट्टी दिसली तर आधींच्या मालकानें तींत मावत नसलेला टायर घातला होता असें समजावें. टायरची निवड ही केवळ टायरची गोष्ट नाहीं, ती सांगाड्याच्या आयुष्याचीही गोष्ट आहे, हें मला प्रथम येथेंच उमगलें.

आतां आंकड्यांकडे वळूं. कारण माझी दुसरी फजिती आंकड्यांनींच केली.

माझ्या फुटलेल्या टायरावर ‘७०० × २३ सी’ असें छापलेलें होतें. कोणी तरी मला सांगितलें होतें कीं आतां अठ्ठावीसचा टायर घालण्याचा प्रघात आहे. मीं गांवांतल्या एका सायकलच्या दुकानांत जाऊन ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हटलें, आणि त्या भल्या गृहस्थानें तात्काळ काढून दिला. तो बसवूं लागल्यावर मात्र म्हणाला, “गुरुजी, टायर अठ्ठावीसचाच हाय जी, पण हा तं ढिला बसून राह्यला!” चूक त्याची नव्हती. आपल्या नेहमींच्या काळ्या सायकलीवर ‘२८ × १½’ असें लिहिलेलें असतें. तेथें अठ्ठावीस म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास, आणि तो इंचांत. शर्यतीच्या सायकलीवरील अठ्ठावीस म्हणजे टायरची रुंदी, आणि ती मिलिमीटरांत. आंकडा एक, अर्थ दोन!

यांतून सुटण्याचा मार्ग सोपा आहे. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत आणखी एक आंकडा छापलेला असतो: ‘२५-६२२’ किंवा ‘४०-६३५’ असा. त्यांतील पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा, टायरची कड रिमवर जेथें बसते तेथील व्यासाचा, दोन्हीं मिलिमीटरांत. काळ्या सायकलीचा व्यास ६३५, शर्यतीच्या सायकलीचा ६२२. फरक केवळ १३ मिलिमीटरांचा, पण परिघांत तो जवळजवळ ४१ मिलिमीटर होतो. टायर ढिला बसेल नाहीं तर काय? ‘७००’ हा आंकडा तर आज कशालाच जुळत नाहीं. पूर्वीं फ्रान्समध्यें तो टायरच्या बाहेरील व्यासाचा सुमार दाखवी, आणि ‘सी’ हें अक्षर त्या मापाच्या टायरांतील एक वर्ग दाखवी. आजच्या २५-६२२ टायरचा बाहेरील व्यास मोजाल तर ६२२ आणि दोन वेळां २५ मिळून ६७२ भरतो. नांव राहिलें, अर्थ गेला. दुकानांत जातांना ७०० विसरावें आणि ६२२ पाहावें.

व्यास ठरला, आतां रुंदी. येथें थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण बहुतेक चुका येथेंच होतात.

पंधरा वर्षांपूर्वींची शर्यतीची सायकल २३ मिलिमीटरांचा टायर मनांत धरूनच घडविलेली असे. त्या काळीं टायर जितका अरुंद आणि हवा जितकी ठासून भरलेली, तितकी सायकल वेगवान, अशी समजूत होती. पुढें ती मागें पडली. व्यावसायिक खेळाडू प्रथम २५ वर आणि मग २८ वर व त्याहूनही पुढें गेले. त्याचें कारण पुढें सांगतों. परंतु त्यांचें पाहून आपण जुन्या सायकलींत २८ चा टायर घालावयास गेलों, तर सांगाड्यांत जागाच नसते.

जागा किती आहे हें कसें मोजावें? शाळेंत मुलांना मीं वर्षानुवर्षें व्हर्नियर शिकविला, तो शेवटीं माझ्याच उपयोगीं पडला. तो नसला तरी हरकत नाहीं. षट्कोनी आंसांचे जे खिळे आवळण्यासाठीं एलन चाव्या मिळतात, त्यांतील ४ मिलिमीटरांची चावी मापदंड म्हणून पुरते. टायरांत पुरी हवा भरावी आणि ती चावी चार ठिकाणीं घालून पाहावी: पुढच्या चिमट्याच्या माथ्याखालीं, मागच्या ब्रेकखालीं, आसनाच्या नळीच्या मागें, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांपाशीं. ती सगळीकडे मोकळी फिरली तर टायर मावतो असें समजावें. कांहीं ठिकाणीं अडली तर तो टायर आपला नव्हे.

टायर विकत घेण्यापूर्वींच हा हिशेब करतां येतो. नवा टायर जुन्यापेक्षां जितका रुंद, त्याच्या निम्मी फट प्रत्येक बाजूला कमी होते; पण वरची फट जवळजवळ पूर्ण फरकाइतकी कमी होते, कारण टायर रुंद होतो तसा उंचही होतो. माझ्या सायकलींत २३ च्या टायरला बाजूला साडेपांच आणि चिमट्याच्या माथ्याखालीं सहा मिलिमीटर फट होती. २५ चा घातला तर बाजूला साडेचार आणि वर चार राहते. २८ चा घातला तर बाजूला तीन आणि वर अवघा एक! त्या एका मिलिमीटरांत बारीक खडीचा एक कण अडकला तर चाक जागच्या जागीं थांबेल, आणि स्वार मात्र थांबणार नाहीं. मागच्या चाकाची एखादी तार तुटली तर तें लगेच वांकडें फिरूं लागतें. फट नसेल तर तें सांगाड्यालाच घासूं लागेल आणि घरापर्यंत सायकल ढकलतही नेतां येणार नाहीं.

आणखी एक बारकावा. टायरावर छापलेली रुंदी ही एका ठराविक रिमवरची असते. रिमची आंतील रुंदी एका मिलिमीटरानें वाढली कीं टायर अर्ध्याहून थोड्या कमी मिलिमीटरानें फुगतो. जुन्या रिमांची आंतील रुंदी बहुधा १३ ते १५ मिलिमीटर असे. नव्यांची १९ आणि त्याहून अधिक असते. म्हणून कोणी जुन्या सांगाड्याला नवीं चाकें लावलीं असतील, तर २५ चा टायर प्रत्यक्षांत २७ च्या घरांत भरतो. उलट १३ मिलिमीटरांच्या अरुंद रिमवर २५ च्या पुढें जाऊं नये. टायर खालीं चिमटलेला आणि वर फुगलेला असा दिसतो आणि वळणावर डोलतो. तेव्हां छापील आंकड्यावर न जातां, टायर बसवून, हवा भरून, पुन्हा मोजावें. रबर ताणलें जाऊन पहिल्या कांहीं दिवसांत रुंदी किंचित् वाढतेही.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत या फटीला आणखी एक अर्थ आहे, तो युरोपांत लिहिलेल्या पुस्तकांतून सांपडत नाहीं. आमची जमीन काळी. जून-जुलैमध्यें शेतांतून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर मातीचे गोळे सोडीत जातात. ही माती टायरला नुसती लागत नाहीं, ती थरावर थर चढत जाते. काळ्या सायकलीचा मडगार्डसुद्धां तिनें गच्च भरतो, आणि मग शेतकरी सायकल खांद्यावर घेऊन चालूं लागतो, हें दृश्य आमच्याकडे नवें नाहीं. चार मिलिमीटरांची फट तर वीस पावलांत भरते. मीं हें एकदां करून पाहिलें आहे. चाक थांबलें तेव्हां मी चालण्याच्याच वेगानें जात होतों म्हणून बरें झालें. तेव्हांपासून पावसाळ्यांत मी हमरस्ता सोडीत नाहीं. समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून गेला असला तरी त्यावर सायकलीला मज्जाव आहे, म्हणून हमरस्ता म्हणजे आपला अकोला-नांदेडचा. चिखलांतून जावें लागलेंच तर उतरतों, आणि घरीं आल्यावर चिमट्याखालची माती लांकडी काडीनें, लोखंडी हत्यारानें नव्हे, काढून टाकतों.

आतां, रुंद टायर बरा असें आज कां म्हणतात, तें सांगतों. यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. हवेनें भरलेल्या टायरचें पहिलें पेटंट १८४५ सालीं रॉबर्ट टॉमसन यानें घेतलें. पण तें लोक विसरून गेले. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉईड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तिचाकीला धक्के बसूं नयेत म्हणून तीच युक्ति पुन्हा शोधून काढली. म्हणजे हवेचा टायर जन्मला तो वेगासाठीं नव्हे, धक्के सोसण्यासाठीं! पुढें शर्यतींच्या नादांत आपण हवा इतकी ठासूं लागलों कीं मूळ हेतूच हरवला.

टायर फिरतांना जमिनीला टेंकतो तेथें दबतो आणि पुढें गेल्यावर पुन्हा उभारतो. या दबण्या-उभारण्यांत रबर आणि कापड यांच्यांत कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून मापलें तर हवेचा दाब वाढवीत नेतां हा अपव्यय कमी होतो, म्हणून जास्त हवा चांगली असें दिसतें. पण आपला रस्ता पोलादी पिंप नाहीं. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, आणि सायकलीसकट स्वाराला उचलतो. तें उचलण्याचें काम पायांनाच करावें लागतें. तें वेगांत न जातां मनगटें, खांदे आणि पाठ यांना हादरे देण्यांत खर्च होतें. म्हणजे दाब एका मर्यादेपलीकडे वाढविला कीं लाभाऐवजीं तोटाच सुरूं होतो.

रुंदीचा लाभ असा. जमिनीशीं संबंध येणाऱ्या भागाचें क्षेत्रफळ मुख्यतः भारावर आणि दाबावर अवलंबून असतें. माझें वजन, सायकल, पाणी आणि अवजारें मिळून ७६ किलो होतात. त्यांतील सुमारें ४३ किलो मागच्या चाकावर येतात. मागें ८५ पौंडांचा दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारें ६ किलो. तेव्हां मागचें चाक रस्त्याला केवळ सात चौरस सेंटिमीटर जागेवर टेंकलेलें असतें. एखाद्या मोठ्या नाण्याहून थोडी अधिक! अरुंद टायरांत ही जागा लांबट होते, रुंद टायरांत आंखूड आणि पसरट. म्हणून त्याच दाबाला रुंद टायर कमी वांकतो. शिवाय टायरच्या कापडावरील ताण हा दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकारानें वाढतो. म्हणून रुंद टायर कमी हवेंतही तितकाच ताठ उभा राहतो, आणि त्याला कमी हवा देणें हेंच योग्य. २३ च्या टायरांत जितकी हवा भरीत होतां तितकीच २५ मध्यें भरली, तर रुंदीचा निम्मा फायदा आपणच घालविला म्हणावयाचें.

दाब किती ठेवावा, याला एकच उत्तर नाहीं. स्वार बसल्यावर टायरची उंची सुमारें शेंकडा पंधरानें दबावी, असा एक जुना अंदाज आहे. मी मागें ८५ आणि पुढें ७५ पौंड ठेवतों. माझ्याहून वीस किलो जड माणसानें ते वाढवावेत. टायरावर आणि रिमवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कोणींही ओलांडूं नये. पूर्वीं मीं पहिल्याच दिवशीं १२० भरले होते, हें आतां कबूल करतों. मे महिन्यांत सायकल उन्हांत ठेवली तर टायर फुटतो असें म्हणतात, त्याचाही हिशेब मीं करून पाहिला. पहाटे २५ अंशांवर भरलेले ८५ पौंड दुपारीं ४५ अंशांवर ९१-९२ होतात. एवढ्यानें धड टायर फुटत नाहीं. फुटतो तो आधींच कुजलेला. माझा टायर तसाच होता. त्याच्या बाजूच्या भिंतीवर केंसासारख्या भेगा होत्या, आणि मीं त्या धूळ समजून पुसल्या होत्या!

या भेगा उन्हानें आणि हवेंतील ओझोन वायूनें पडतात. सायकल वापरली नाहीं तरी पडतात. म्हणून जुन्या सायकलीबरोबर आलेला टायर कितीही नवा दिसला तरी त्यावर विश्वास ठेवूं नये. हवा काढून टायरची बाजू दोन बोटांत दुमडून पाहावी: भेग उघडली, आंतील धागा दिसला, किंवा रबर पुठ्ठ्यासारखें ताठ लागलें, तर तो टायर टाकावाच. मधला भाग झिजून चपटा झाला असला तरीही तेंच. स्वस्त मिळतो म्हणून दुकानांत वर्षानुवर्षें टांगलेला टायर घेणें हीही फसवी काटकसर होय.

पृष्ठभागावरील नक्षीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. गुळगुळीत टायर पावसांत घसरतो ही समजूत मोटारीवरून आलेली आहे. मोटारीचा रुंद टायर पाण्यावर तरंगूं शकतो. सायकलीचा टायर अरुंद आणि त्यांतील दाब मोठा. विमानांच्या चाकांसाठीं यंत्रशास्त्रज्ञांनीं जें सूत्र बसविलें आहे तें ८५ पौंडांना लावलें, तर तरंगण्यासाठीं ताशीं दीडशें किलोमीटरांचा वेग लागेल. तो वेग मला तरी साधावयाचा नाहीं. ओल्या रस्त्यावर पकड देतें तें रबर, नक्षी नव्हे. घसरण होते ती रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, सांडलेल्या तेलावर आणि कापणीच्या दिवसांत रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवर. तेथें कोणताही टायर उपयोगी नाहीं, सावकाश जाणेंच उपयोगी.

कांट्यांचा विचार मात्र केलाच पाहिजे. आमच्याकडे तीन शत्रु आहेत. पहिला सराटा; त्याचें फळ कसेंही पडलें तरी एक कांटा वर असतोच. दुसरी बाभूळ, कुंपणासाठीं तोडलेल्या फांद्या ओढून नेतांना तिचे लांब पांढरे कांटे रस्त्यावर विखुरतात. तिसरा शत्रु नवा आहे: मालमोटारींचे फुटलेले टायर हमरस्त्याच्या कडेला पडलेले असतात, त्यांतून सुईसारख्या बारीक पोलादी तारा निघतात आणि त्या डोळ्यांना दिसतही नाहींत. यावर उपाय म्हणून रबराखालीं एका चिवट विणीचा पट्टा घातलेले टायर मिळतात. सराट्याला आणि तारेला तो बहुधा पुरतो. बाभळीचा कांटा सरळ उभा घुसला तर कांहींच पुरत नाहीं. पट्टा जितका जाड तितका टायर जड आणि जड चालीचा होतो. अगदीं जाड, सहलीच्या सायकलींचे टायर मीं हातांत घेऊन पाहिले. ते या सांगाड्यांत मावलेही नसते. मधला मार्ग, म्हणजे मध्यभागीं पट्टा आणि बाजूंना मऊ कापड, मला मानवला.

कापडाच्या विणीचा आंकडा टायरावर छापलेला असतो. एका इंचांत धागे किती, तें तो सांगतो. साठ धाग्यांचें कापड जाडेंभरडें आणि टिकाऊ, एकशें वीसचें तलम आणि लवचिक. लवचिक टायर हलका चालतो, पण त्याची बाजू दगडानें लौकर कापली जाते. कांहीं जर्मन टायरांवर ३३० असा आंकडा पाहून मी चकित झालों. मग कळलें कीं ती तीन थरांची बेरीज आहे, एका थरांत ११० च. जाहिरात वाचतांना गणित विसरूं नये.

पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलून भागत नाहीं. कांटा टायरांतच राहिला असेल तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत जाते. बोटानें चांचपून पाहाल तर बोटालाच टोंचेल. आमच्याकडे कापसाला तोटा नाहीं. कापसाचा एक बोळा टायरच्या आंतून फिरवावा. बारीक तार असेल तेथें त्याचे तंतु अडकून राहतात. ही युक्ति मला एका पंक्चरवाल्यानेंच शिकविली.

ट्यूबच्या व्हॉल्व्हसंबंधीं एक इशारा. काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्यें रबराची बारीक नळी असते, मोटारसायकलचा व्हॉल्व्ह जाड असतो, आणि शर्यतीच्या सायकलीचा अगदीं बारीक, माथ्यावर फिरकी असलेला. गांवच्या पंपाचें तोंड त्याला बसत नाहीं. यासाठीं पितळेचें एक छोटें टोपण मिळतें. तें लावलें कीं मोटारसायकलच्या पंपानें हवा भरतां येते. तें नेहमीं खिशांत असावें. जाड व्हॉल्व्ह बसावा म्हणून रिमचें भोंक मोठें करून देण्याची तयारी कोणी दाखविली तर त्याला नम्रपणें नकार द्यावा; अरुंद रिम तेवढ्यानें कमजोर होते.

जुन्या सायकलीबरोबर कधीं कधीं अशीं चाकें येतात कीं त्यांच्या रिमला कांठच नसतो. त्यांवर ट्यूबसकट शिवलेला टायर सरसानें चिकटवितात. हौशी माणसानें त्या भानगडींत न पडतां साधीं चाकें घालावींत. तसेंच, अगदीं नव्या पद्धतीच्या, कांठाला आंतून आंकडी नसलेल्या रिमा निघाल्या आहेत. त्यांची मर्यादा सुमारें ७२ पौंडांची असते आणि त्यांना त्यांचेच खास टायर लागतात. माझ्या २५ च्या टायराला त्या चालणार नाहींत.

शेवटीं मीं घेतलें तें सांगतों. पुण्याहून टपालानें २५-६२२ चे दोन टायर मागविले. पट्ट्याचे, घडी घालतां येणारे. त्या जोडीच्या किंमतींत काळ्या सायकलीचे कित्येक टायर आले असते, आणि ही गोष्ट घरांत कांहीं काळ गुप्त ठेवावी लागली. बसवितांना पेंचकस वापरला नाहीं. त्यानें ट्यूब चिमटते आणि रिम ओरखडते. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि अंगठ्यांचा जोर एवढ्यावर भागलें. ब्रेकच्या गुटक्या पुन्हा जुळवून घेतल्या, कारण टायरला लागलेली गुटकी अर्ध्या तासांत त्याची बाजू कापते. पुढें मागें एक टायर झिजेल, आणि तो बहुधा मागचाच असेल. तेव्हां नवा टायर पुढें घालून पुढचा मागें नेणार आहें. मागचा फुटला तर सायकल हेलकावे खाते, पण सांवरतां येते. पुढचा फुटला तर काय होतें तें मीं सांगितलेंच आहे.

महिना संपण्याच्या आदल्या दिवशीं मालेगांवपर्यंत जाऊन परत आलों. दाराशीं मंडळी उभ्याच होत्या. त्यांनीं माझ्याकडे न पाहतां आधीं पुढचा टायर अंगठ्यानें दाबून पाहिला, मग बाजूच्या भिंतीवरून बोट फिरविलें. आतां तो रोजचा परिपाठ झाला आहे. सकाळीं त्यांनीं टायर दाबून पाहिल्याखेरीज मला सायकल अंगणाबाहेर काढतां येत नाहीं. परवां त्यांनीं सांगितलें कीं मागच्यांत हवा कमी आहे. मीं पंप लावून पाहिला. ७० पौंड होती.